चढणाऱ्याला वाट

जोयडा तालुक्यातलं दिग्गी हे सह्याद्रीच्या माथ्यावरचं, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं गाव. काळी नदी याच मुलखात उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहत जाऊन कारवारला समुद्राला मिळते. उत्तर कन्नड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या पिढीचं मराठीशी नातं जवळचं आहे. कुणबी घरांत बोलणं कोकणीतून चालतं, पण खानापूर-बेळगावचा माणूस आला की सहज मराठीवर येतात.

खाली दिलेलं बोलणं दोन म्हाताऱ्यांचं आहे. एक मामा. खानापूरचे, सारी हयात ट्रकच्या स्टिअरिंगमागे गेली. दुसरे दिग्गीचे गावकर. त्यांची हयात गेली भातशेती, कंदमुळं आणि जंगलात. ओळख जुनी, वादही जुना. ऐन मे महिन्यात गावकरांच्या ओसरीवर तो पुन्हा रंगला तेव्हा मी मध्ये बसलो होतो. जिथं राहवलं नाही तिथं मीही तोंड घातलं.

मामा : आताच्या गाडीत बसलं की चढ कुठं लागला तेच कळत नाही. एका बोटानं स्टिअरिंग फिरतंय. काच वर केली की इंजिन ऐकू येत नाही. आमची बाराशे दहा सगळं बोलून दाखवायची. तळव्याखालची फळी थरथरायला लागली की समजायचं, हिला आता खालचा गिअर पाहिजे. स्पीडोमीटर तर बऱ्याच गाड्यांचा बंदच. बघायचंय कुणाला?

गावकर : तुमची गाडी बोलायची ते आम्हाला इथं घरात ऐकू यायचं. खालच्या ओढ्यापाशी आवाज बदलला की बायका म्हणायच्या, आला ट्रक. मी पोरवयात धावत जायचो. डिझेलचा वास पहिल्यांदा घेतला तो तुमच्या गाडीमागं उभा राहून. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू!

मामा : मग भांडतोस कशाला?

गावकर : वास आवडायचा म्हणालो. गाडी काय घेऊन गेली ते कुठं आवडलं म्हणालो?

वाद कसा सुरू होतो त्याची ही खूण. पण गाडीची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण ‘बाराशे दहा’ म्हटलं की पन्नाशीच्या पुढच्या ड्रायव्हरचे डोळे चमकतात आणि तिशीतल्या माणसाला काही बोध होत नाही. टाटांची टेल्को कंपनी आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा करार 1954 चा. जमशेदपूरला ट्रक बनू लागले आणि त्यांच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी आली. 1969 मध्ये करार संपला, चांदणी गेली, तिथं टाटांचं ‘टी’ आलं. ड्रायव्हर मंडळी मात्र पुढं कितीतरी वर्षं त्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत राहिली. 1210 या आकड्यात गाडीचा हिशोब आहे : गाडी आणि माल मिळून 12 टन, आणि इंजिन साधारण 100 अश्वशक्तीचं. आजच्या एखाद्या चांगल्या मोटारीत याहून जास्त ताकद असते. तेवढ्या ताकदीवर 12 टन घाटमाथ्यावर चढवायचे आणि, त्याहून अवघड म्हणजे, जिवंत खाली उतरवायचे.

मामा : चढताना कसब गिअरचं. गाडीचा दम जायच्या आधी गिअर उतरवायचा, गेल्यावर नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटर थोडा मारायचा, इंजिनाचा आवाज चढला की परत क्लच दाबून खालचा गिअर घालायचा. डबल क्लच म्हणतात ते हेच. हे सगळं एका श्वासात. उशीर केलास तर दात दाताला लागतात, खर्रर्र आवाज येतो, गिअर पडतच नाही, आणि गाडी मागं यायला लागते.

मी : मग?

मामा : मग किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर. तो दारातच उभा असायचा, हातात लाकडी ठोकळा. गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाखाली ठोकळा सारायचा. मी पण किन्नर होतो आधी. उस्तादानं पहिले कितीतरी महिने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. म्हणाला, चाक मागं सरकताना पायात काय होतंय ते आधी शीक. अनमोड घाटात एकदा उस्तादाचा गिअर हुकला. गाडीत सिमेंट. पाऊस नुकता उघडलेला, रस्त्यावर शेवाळ. मी उडी मारली तर पायाखाली चिखल, घसरून बसलोच. बसल्या बसल्या ठोकळा चाकाखाली ढकलला. चाक त्यावर अर्धं चढलं आणि थांबलं. ठोकळ्याची कड चिरडून तिचा भुगा झाला होता. उस्ताद खाली उतरला, ठोकळा बघितला, माझ्याकडं बघितलं. काही बोलला नाही. पुढच्या टपरीवर त्यानं स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि रामनगरच्या सपाटीला पहिल्यांदा मला त्याच्या जागेवर बसवलं.

हे सांगताना मामांचा उजवा पाय ओसरीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर नकळत दाबला गेला होता.

गावकर : सिमेंट म्हणजे धरणाचं ना?

मामा : मग काय तर. गणेशगुडीला जायचं.

गावकर : म्हणजे सुप्याचं. ज्या सुप्यात आमची कचेरी, आमचा बाजार होता, ते सुपं बुडवायला तुम्ही सिमेंट नेलं.

मामा : मी नेलं? अरे, मालक सांगेल तो माल नेला. मी नसतो तर दुसरा होता.

गावकर : तुम्हाला दोष देत नाही. पण गोष्ट सांगताना अर्धी सांगू नका. ठोकळा वाचला, सुपं बुडालं.

काळीवरचं सुपा धरण 101 मीटर उंच आहे, पूर्ण झालं 1987 मध्ये. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, तालुक्याचं नावही बदललं. पाण्यापासून वीज निघाली आणि दूरदूर गेली. त्याच तालुक्यात कितीतरी वाड्यांवर मात्र चिमणीच्या उजेडात रात्री काढल्याची आठवण माणसांना अजून आहे.

इथं एक हिशोब मांडतो, कारण धरण आणि ट्रक यांचं नातं मला त्यात दिसतं. 12 टनांची गाडी 500 मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण 16 युनिट विजेएवढी भरते. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवरून पडलं तर टर्बाइनमध्ये त्याची वीज करता येते. ट्रकमध्ये त्या ऊर्जेची उष्णताच होते. ती जिरवायला दोनच जागा : इंजिन किंवा ब्रेकचे ड्रम. इंजिनात जिरवली तर माणूस घरी पोचतो. सगळी ड्रमांवर टाकली तर ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड सुटते, पॅडल फळीला टेकतं आणि गाडी ऐकेनाशी होते.

मामा : ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हा पहिला धडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून सोडणारे होते. अनमोडच्या दरीत त्यांच्या गाड्यांचे सांगाडे वर्षानुवर्षं दिसायचे. लायनर जळाल्याचा एक वास असतो, तो आला की पुढच्या वळणाला गाडी उभी करायची, चाकाखाली दगड घालायचे आणि बिडी ओढत बसायचं. मालक काय बोलायचं ते बोलू दे. आणि गरम ड्रमावर पाणी ओतायचं नाही. नवशिका ओततो आणि ड्रमाला तडा जातो.

मी : शेजारी रेल्वेचाही घाट आहे. कॅसलरॉक ते कुळे. तिथं चढण 37 ला 1 पर्यंत जाते. जास्तीची इंजिनं जोडतात, गाडी निसटली तर तिला वळवून घ्यायला वेगळा रूळ ठेवलेला असतो.

मामा : आमचा वेगळा रूळ म्हणजे डोंगराची बाजू. ब्रेक गेले तर दरीकडं बघायचंच नाही, गाडी भिंतीला घासायची. घासत घासत थांबवायची. पत्रा जाईल, माणूस राहील. हे मला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं.

मामांच्या बोलण्यातली ही शिस्त मला नेहमी मोठी वाटत आली आहे. घाटाचे नियम ते कायद्याच्या भाषेत सांगत नाहीत, पण कायदाही तेच सांगतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. कारण उतरणारा थांबला तर पुन्हा निघू शकतो. भरलेली गाडी चढावर थांबली तर तिला पुन्हा उचलणं म्हणजे क्लचचा बळी. समोरून चढता ट्रक दिसला की उतरणारा लांबूनच कडेला घ्यायचा, दिवा एकदा लावून विझवायचा. चढणारा हात बाहेर काढून सलाम करायचा. बेळगावचा, गोव्याचा, धारवाडचा, कुणाचा कोण, कुणी विचारत नव्हतं.

गावकर : चढणाऱ्याला वाट. चांगला नियम आहे.

मामा : आहेच.

गावकर : मग आम्ही चढत होतो तेव्हा?

मामा : तुम्ही कधी गाडी चालवलीत?

गावकर : पायानं. डोक्यावर ओझं घेऊन. पावसाळ्यात चार महिने इथं चाक फिरकत नव्हतं. आजारी माणसाला कांबळ्याच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची, दोघं पुढं, दोघं मागं. ओढा भरला असला तर अलीकडं बसून राहायचं. पाऊस संपला की रस्ता नीट व्हायचा, मुरूम पडायचा, मोऱ्या बांधल्या जायच्या. आम्ही म्हणायचो, झालं, आता सुधारणार. तर तो रस्ता कुपासाठी, तोडीला काढलेल्या जंगलाच्या पट्ट्यासाठी असायचा. बांबू तोडायचे, लाकूड तोडायचे, तुमचे ट्रक भरायचे. कूप संपलं की रस्ता संपला. पुढच्या पावसात मोऱ्या वाहून गेल्या तर बघायलाही कुणी आलं नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले.

मामा : रिकामी गाडी वर येताना मी काय आणायचो ते पण सांग की.

गावकर : सांगतो. मीठ आणायचात. रॉकेल, सुकी मासळी, पोरांना पाटी-पेन्सिल. पैसे नंतर दिले तरी चालायचं. माझ्या बहिणीला बाळंतपणात तुमच्याच हौद्यातून नेलं. खाली गवताचा भारा, वर ताडपत्री, आणि तुम्ही गाडी इतकी हळू नेलीत की म्हातारी चिडली होती. ते मी विसरलेलो नाही. खरं तो तुमचा चांगुलपणा. रस्ता आमच्यासाठी होता असं त्यानं सिद्ध होत नाही.

माझ्या मते या सगळ्या बोलण्यातलं हे सर्वांत वजनदार वाक्य. ट्रकवाल्यांच्या आठवणी आपल्याकडं बहुधा माणुसकीच्या गोष्टींनी भरलेल्या असतात, आणि त्या खऱ्या असतात. पण एका ड्रायव्हरची माणुसकी ही व्यवस्थेची जमेची बाजू म्हणून लिहिता येत नाही.

बांबूचा इतिहास तर नोंदलेलाच आहे. दांडेलीची कागद गिरणी 1950 च्या दशकातली. तिला या जिल्ह्यातला बांबू टनाला दीड रुपया दरानं मिळत होता, आणि त्याच बांबूसाठी बुरुडाला बाजारात त्याच्या शेकडो पट मोजावे लागत होते, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी वारंवार लिहिलं आहे. 1970 च्या दशकात सरकारच्याच सांगण्यावरून त्यांनी इथल्या बांबूचा अभ्यास केला. बांबूची बेटं झपाट्यानं का संपतायत, हा प्रश्न होता. वनखात्याचं म्हणणं, गावकरी आणि गुरं नासाडी करतात. उलट गिरणीसाठी होणारी तोड अफाट होती हे अभ्यासात दिसलं. आणि आणखी एक गोष्ट कळली. ती दिग्गीच्या ओसरीवर बसून ऐकण्यासारखी आहे.

गावकर : बांबूच्या बेटाला खालून काट्यांचं कुंपण असतं. त्याचं त्यानंच केलेलं. आडव्या तिडव्या काटेरी फांद्या. पावसात नवा कोंब आतून वर येतो तेव्हा ते काटे त्याला राखतात. गुरं, साळिंदर, माकड, कुणाचं तोंड आत जात नाही. वरून हुकूम आला, बेट साफ करा, काटे काढा, म्हणजे बांबू सरळ येईल, तोडायला सोपं जाईल. काढले. कोंब उघडे पडले, सगळे खाल्ले गेले. आम्ही तेव्हा सांगत होतो. आम्ही पण कोंब खातो, पण एका बेटातले किती काढायचे ते ठरलेलं असतं.

मी : गाडगीळांनी तेच तपासून पाहिलं. काटे काढलेली बेटं आणि न काढलेली बेटं. लोकांचं म्हणणं बरोबर निघालं.

गावकर : निघणारच होतं. विचारलं कुणी तेवढंच नवीन.

मामा : खरं सांगू? मी गठ्ठे भरताना हे बघितलं होतं. बेटाखाली सगळं मोकळं, झाडून काढल्यासारखं. मला वाटायचं, काय स्वच्छ काम करतात ही माणसं.

त्यानंतर मामांनी बांबूच्या खेपेचं सांगितलं. सिमेंट खाली बसून राहतं, गाडी धरून असतं. बांबू हलका, पण हौद्याच्या वर उंच रचलेला. वळणावर सगळा भार बाहेरच्या बाजूला झुकतो. दोर सैल पडला की गठ्ठे एकमेकांवर सरकून करकरतात. तो आवाज ऐकून कितव्या वळणाला थांबून दोर आवळायचा ते ठरे. अणशीच्या जंगलात रात्री असा दोर आवळत असताना रस्त्याच्या कडेला गवा उभा असलेला त्यांनी पाहिला. गवा हलेना, मामा हलेनात. शेवटी किन्नरानं इंजिन चालू केलं तेव्हा तो सावकाश निघून गेला. हे त्यांनी अशा आनंदानं सांगितलं की गावकरही हसले.

मी एक विचारलं : मामा, तुम्हाला नक्की काय आवडत होतं? पगार तुटपुंजा, झोप नाही, पाट्याचं पान तुटलं की जंगलात दोन दोन दिवस मुक्काम, जळवा.

मामा : मोठ्या गाडीला वळणातून काढताना सीटवरून अर्धं उठायला लागायचं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढायचं. पुढचं चाक अगदी कडेवरून जातंय, मागचं कुठनं येतंय हे मानेच्या मागं कळायचं. ते निघालं की... माझ्यासारख्या सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला दुसरं कुठं असं वाटणार होतं? गाडी मालकाची, माल कंपनीचा, रस्ता सरकारचा. तेवढं वळण माझं.

गावकर : हे पटलं.

मामा : पटलं ना? मग झालं.

गावकर : झालं कसं? इंग्रजांनी आमच्या पूर्वजांची कुमेरी मोडीत काढली, डोंगर जाळून नाचणी करायची नाही म्हणाले, जंगल राखायचंय. मग तेच जंगल ट्रकात भरून गेलं. ते संपत आल्यावर वाघ आला. आता रस्ता मागितला की कागद या टेबलावरून त्या टेबलावर. जंगल राखायला माझी ना नाही. आम्हीच राखलंय. पण तोडायला रस्ता होतो आणि दवाखान्याला होत नाही, हे काय?

मामा : वाघाला रस्ता नको असेल.

गावकर : वाघाला रुंद रस्ता नको, तो मलाही नको. अनमोडसारखी मोठी वाहतूक इथून न्या असं मी कधी म्हटलंय? एक लहान गाडी बारा महिने येईल एवढी वाट, ओढ्यांवर टिकणाऱ्या मोऱ्या. तुम्ही सांगा, घाट तुम्हाला कळतो. होणार नाही एवढं?

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग ते उठले आणि ओसरीच्या खाली मातीत काठीनं रेषा ओढू लागले. पाणी कुठून येतं, मोरी कुठं वर घ्यायला हवी, कुठल्या वळणाला चढ तोडून वळसा द्यावा, जांभा कुठं आहे आणि चिकणमाती कुठं. पावसात चाक कुठं रुततं हे त्यांना जागेसह आठवत होतं. गावकर मध्येच एक एक रेष पुसून, ओढ्याचं पात्र आता कुठं सरकलंय ते दाखवत होते. त्या दोघांना मिळून त्या वाटेचं जे ठाऊक होतं ते कुठल्याही नकाशावर मी पाहिलेलं नाही.

2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याला काळीचं नाव मिळालं. या जंगलात पुन्हा बांबूचे ट्रक धावावेत असं मला मुळीच वाटत नाही, आणि मामांनाही वाटत नाही. ते स्वतः म्हणाले, संपलं ते बरं झालं. पण गावकरांची मागणी रास्त आहे, आणि वाघाचं नाव पुढं करून ती टोलवणं अन्याय्य आहे. इतकी वर्षं या डोंगरातून जे उतरवलं त्याची थोडी परतफेड म्हणून तरी बारमाही वाट व्हायला हवी.

खानापूर, चंदगड, बेळगाव, फोंडा, सावंतवाडी या पट्ट्यात बाराशे दहा आणि लेलँड चालवलेली माणसं अजून घराघरांत आहेत, आणि झपाट्यानं कमी होतायत. तुमच्या घरात असतील तर त्यांच्याशेजारी बसा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्या वळणाला कुठला गिअर, ब्रेक गेला तेव्हा काय केलं, उस्ताद कोण, हे सगळं विचारा. त्याबरोबर गाडीत माल कुणाचा होता, तो कुठून उचलला आणि जिथून उचलला तिथली माणसं त्या दिवशी काय करत होती, हेही विचारा. आणि जमलं तर त्यांना एकदा गाडीत बसवून त्या गावी घेऊन जा.